ढोलीतली बाळंतीण

एक होतं घनदाट रान, आणि रानाच्या कडेला राहायची येसाई. एकटीच, बरं का. हिरडे वेचायची, बाजारात विकायची, तेव्हा तिची चूल पेटायची.

एकदा काय झालं, येसाई एका जुनाट झाडाखाली टेकली, तर वरून आवाज आला, "बाई गं, भूक लागली."

वर बघते तर खोडात ढोली, ढोलीचं तोंड लिंपलेलं आणि फटीतून डोकावतेय एक लांब, वाकडी चोच! ककणेर पक्ष्याची मादी होती ती. अंडी घालायची वेळ आली की ही स्वतःला ढोलीत लिंपून घेते, आणि नर तिला फळं भरवतो.

"तुझा धनी कुठाय?" येसाईने विचारलं.

"राजाच्या माणसांनी धरून नेला. इथे पिल्लू अंड्यातून बाहेर आलंय."

मग येसाईने बांबूच्या टोकाला भात लावून वर धरला. चोच आत गेली. मग भाकरी धरली. तीही नको. मग उंबर धरलं, ते मात्र घेतलं. पण एका उंबराने काय होतंय? येसाईने पदर खोचला आणि थेट राजवाडा गाठला.

तिथे सोन्याच्या पिंजऱ्यात नर बसलेला. दिलेली फळं नुसती गळ्यात साठवलेली. गिळेना, टाकेना.

राजा म्हणाला, "हा खात का नाही?"

"कसा खाईल, महाराज? घरी बाळंतीण उपाशी आहे त्याची."

दरबार हसला. राजा नाही हसला. "दाखव चल. खोटं निघालं तर मान उडवीन."

मग सगळे रानात आले. पिंजरा उघडला. नर ढोलीपाशी बसला, त्याने हाक दिली. फट रिकामीच. पुन्हा हाक दिली. काही नाही. शिपायाने तलवार उपसली. येसाईचं तिकडे लक्षच नव्हतं. 'उशीर केला मी,' एवढंच तिच्या मनात.

मग तिसरी हाक. आणि चोचीचं टोक हललं! नराने गळ्यातलं उंबर काढून दिलं. तिने ते आत पिल्लाला भरवलं. दुसरं मिळालं, ते स्वतः खाल्लं.

राजा कितीतरी वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "माग येसाई, काय हवं ते."

"पाय फार दुखतायत, महाराज. घरी पोचवा."

राजाने तिला आपल्या पालखीतून पाठवलं. आपण गेला चालत.

पुढे पिल्लाला पिसं फुटली, मादीने दार फोडलं, आणि सगळी उडून गेली. जो तो आपापल्या जागी सुखाने राहिला. आता तुम्हीही आपापल्या गोधडीत शिरा. मिटा बघू डोळे.