ठकूच्या पुडीवरची चिठ्ठी

“खोटं न बोलता ताकदीचं चूर्ण विकून दाखव! उद्या दिवस मावळायच्या आत तुझ्या टोपल्या रिकाम्या झाल्या नाहीत, तर तुझ्या बापाची भट्टी कायमची विझवीन!”

भवानगडचे राजे जैतोजीराव भर दरबारात गरजले. समोर उभी होती ठकू, भडभुंज्या रायाबाची मुलगी. नाचणी आणि तीळ भाजायचे, त्यात शेवग्याचा वाळवलेला पाला आणि गूळ घालून कुटायचं आणि पुड्या बांधून बाजारात विकायच्या, हा तिचा धंदा.

झालं होतं असं, की राजवैद्य धुंडिराजशास्त्र्यांचं ‘गजबल चूर्ण’ महाराजांनी हत्तीचं बळ यावं म्हणून डबीभर एकदम खाल्लं. बळ तर आलं नाहीच, उलट महाराज पोट धरून अंथरुणाला खिळले. उठल्याबरोबर त्यांनी वैद्यबुवांना बोलावलं. बुवा काही कमी नव्हते!

“महाराज, दोष बाजारातल्या भेसळीचा!” ते म्हणाले. “कोणीही उठतं आणि ताकदीची पुडी विकतं! यांना कायदा हवा!”

महाराजांना कायदे करायला फार आवडायचं. लगेच हुकूम निघाला. ताकदीच्या प्रत्येक पुडीवर चिठ्ठी हवी. आत काय आहे आणि रोज किती खावं, हे तिच्यावर लिहायचं. रोग बरा होतो असं म्हणायचं नाही. ज्यांना वाचता येत नाही, त्यांना चिठ्ठी मोठ्याने वाचून दाखवायची, मगच पैसे घ्यायचे. राजवैद्यांच्या डब्यांना मात्र चिठ्ठी माफ, कारण त्या राजमान्य!

बाकीच्या चूर्णवाल्यांनी दुकानंच बंद केली. ठकू तेवढी दरबारात आली आणि म्हणाली, “कायदा चांगला आहे, महाराज. पण तो शास्त्रीबुवांनाही लावा.”

वैद्यबुवा उसळले. “नाव ठकू, आणि मला कायदा शिकवते! नावातच ठकवणं आहे!”

“माझं निदान नाव तरी उघड आहे, बुवा. तुमच्या डबीत काय आहे त्याचं नावही कोणाला ठाऊक नाही!”

दरबार खुसखुसला. बुवांचे कान लाल झाले.

“महाराज, खोटं बोलल्याशिवाय ताकदीचं चूर्ण विकलंच जात नाही!” ते बोलून गेले, आणि जीभ चावून म्हणाले, “म्हणजे, या लोकांचं!”

“आमचं विकलं जातं,” ठकू म्हणाली.

त्यावर महाराजांनी टोपल्या रिकाम्या करायचा तो हुकूम सोडला. त्यात वैद्यबुवांनी हळूच भर घातली, “आणि याची गरज कोणाला नाही, तेही चिठ्ठीवर आलं पाहिजे!”

“आलंच पाहिजे!” महाराज म्हणाले.

ठकू घरी आली. रायाबा भट्टीपुढे डोकं धरून बसला. “पोरी, घेऊ नका असं सांगून कोणी विकतं का? भट्टी गेली तर खायचं काय?”

तरी ठकूने चिठ्ठ्या लिहायला घेतल्या.

सकाळी बाजारात तिच्या टोपल्यांशेजारी लक्ष ठेवायला महाराजांचा हवालदार उभा राहिला. ठकूने मोठ्याने वाचलं, “हे औषध नाही! आजारी असाल तर वैद्याकडे जा. आत नाचणी, तीळ, शेवग्याचा पाला आणि गूळ. रोज एक मूठ खावी, जास्त नको. जो दोन्ही वेळा पोटभर जेवतो, त्याला याची गरज नाही!”

मग एक म्हातारा विणकर पुढे आला. “तसं असेल तर मला दे, बाई.” त्याच्यामागून कासारीण आली, मग विहिरीवरचे मोटकरी आले. महाराजांनी नव्या शीशमहालासाठी धान्यावर पट्टी बसवली होती. ज्याच्या कणगीत धान्य दिसेल त्याच्याकडून निम्मं उचलायचं! त्यामुळे गरिबांच्या चुली एकच वेळ पेटत होत्या.

तेवढ्यात जाडजूड हरकचंद सावकार तिथून चालले होते. हवालदाराने सहज विचारलं, “काय शेठजी, तुम्हाला नको? तुम्ही पोटभर जेवत असाल!”

शेठजींना आपल्या भरलेल्या कणग्या आणि धान्यपट्टी आठवली. “मी? पोटभर? छे, छे! कोण म्हणतं? चार पुड्या दे गं!”

ते पाहून अडते धावले, दलाल धावले. दागिने घातलेल्या बायकाही “आमच्या घरी कुठलं बाई पोटभर!” म्हणत पदर पसरू लागल्या. ऊन डोक्यावर येईपर्यंत टोपल्यांचा तळ दिसला. शेवटची पुडी उरली, तेव्हा हवालदार घसा खाकरून म्हणाला, “ती मला दे. पगार थकलाय.”

ठकू रिकाम्या टोपल्या घेऊन दरबारात आली. महाराज थक्क झाले. “काय जादू केलीस?”

“जादू तुमची, महाराज! पोटभर जेवणाऱ्याला गरज नाही, एवढंच मी सांगितलं.”

“म्हणजे माझ्या राजधानीत एकही माणूस पोटभर जेवत नाही?”

मागोमाग आलेल्या रायाबाने दाराशी डोळे मिटून घेतले.

“तसं नाही, महाराज,” ठकू म्हणाली. “निम्मे खरोखरच जेवत नाहीत, आणि उरलेले जेवतात, पण तुमच्या हवालदारासमोर ढेकर द्यायला भितात!”

महाराजांच्या कपाळावर आठी चढली, क्षणभर तिथेच थबकली, आणि मग ते एवढ्याने हसले की पगडी मांडीवर आली!

“शास्त्रीबुवा, आजपासून तुमच्या डबीलाही चिठ्ठी!”

“महाराज!” बुवा कळवळले. “आत काय आहे ते सांगितलं, तर घेईल कोण?”

दरबार पुन्हा हसला. महाराजांनी डोळे पुसले. “माग ठकू, काय हवं ते माग!”

“धान्यपट्टी उठवा, महाराज.”

“अगं वेडे! मग सगळे पोटभर जेवतील. तुझी पुडी कोण घेणार?”

“नकोच घेऊ देत! मी फुटाणे विकीन. पोट भरलं तरी माणूस फुटाणे खातो, आणि त्यांना चिठ्ठीही लागत नाही!”

महाराजांनी हसत हसत पट्टी उठवली, आणि राजवाड्याच्या फुटाण्यांचा मक्ता रायाबाच्या भट्टीला देऊन टाकला.