हत्तीला नदी मोकळी झाली

फार जुनी गोष्ट आहे, चीन देशातल्या एका चहाच्या दुकानातली. त्या काळी बुद्धिबळाच्या सोंगट्या आपल्या पायांनी चालत आणि खेळणारे नुसता चहा पीत. पटाच्या मधोमध नदी होती, म्हणजे दोन रेघा. प्याद्यांनी ती ओलांडायची, पण मागे फिरायचं नाही, असा नियम होता. हत्तीला मात्र नदी ओलांडायला साफ बंदी होती.

हत्ती रोज काठावर उभा राहून शेजारच्या प्याद्याला म्हणे, "तुमची मजा आहे बुवा! मला एकदा जाऊ दिलं असतं, तर पलीकडचा राजा जेवणाच्या आत धरून आणला असता. पण नियम आडवा येतो ना!"

"हो महाराज," म्हणून प्यादं नदी ओलांडायचं आणि थोड्या वेळाने मेलेल्या सोंगट्यांच्या डब्यात जाऊन पडायचं.

एके दिवशी दुकानाच्या मालकाला, म्हाताऱ्या शेनबाबांना, तेच ते खेळून कंटाळा आला. त्यांनी नवा खेळ काढला आणि सांगून टाकलं, "आजपासून हत्तीनेही नदी ओलांडायला हरकत नाही."

सगळा पट हत्तीकडे बघू लागला. हत्तीने घसा खाकरला. मग प्याद्याला हळूच विचारलं, "काय रे, तिकडून परत येता येतं ना?"

"तुम्हाला येतं, महाराज," प्यादं म्हणालं. "येत नाही ते आम्हाला." आणि ते नदी ओलांडून गेलं.

हत्ती काठावरून हलला नाही. संध्याकाळपर्यंत तो घोड्याला समजावत होता, की जुने नियम काही कुणी उगीच केले नव्हते.