खाजकुइलीचा पट

“पण बुवा, खडेच गप्प बसले, तर माणसानं करायचं काय?”

हेरंब अंगणात उकिडवा बसला होता. त्याच्यासमोर राखेनं आखलेला पट होता. फुलं ठेवलेले द्रोण सोडले, तर दोनच द्रोण उघडायचे उरले होते.

अच्युतबुवा ओटीवर हिरडे फोडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“काय म्हणतायत खडे?”

“एकात आहे, एकात नाही. एवढंच.”

“मग बरंच सांगितलं की.”

हेरंबाला राग आला. त्यानं तो गिळला.

घाटमाथ्यावरच्या त्या आश्रमात बुवा रानातली औषधं शिकवत, आणि त्याबरोबर हा खेळ. चौकोन आखायचे, प्रत्येक चौकोनात पळसपानांचा एक द्रोण पालथा घालायचा. काही द्रोणांखाली खाजकुइलीच्या शेंगा. असा द्रोण उचलला, की कुसं उडून हाताला लागतात आणि माणूस खाजवून खाजवून रडकुंडीला येतो. बाकीच्या द्रोणांखाली खडे. एक खडा निघाला, तर भोवतालच्या आठ घरांपैकी एकात खाजकुइली. दोन निघाले, तर दोन घरांत. खडाच नसला, तर आठही द्रोण निर्धास्त उचलावेत. खड्यांवरून ताडत जायचं, शेंग जिथं नक्की ठरेल त्या द्रोणावर कण्हेरीचं फूल ठेवायचं आणि त्याला हात लावायचा नाही. बाकीचे सगळे द्रोण उघडले, की पट सुटला.

हेरंबासारखा हा खेळ कुणालाच जमला नव्हता. कोपऱ्यात एक खडा आणि त्याला लागून एकच झाकलेला द्रोण दिसला, की हा फूल ठेवून मोकळा. मग त्या फुलावरून पलीकडचं घर, त्या घरावरून त्याच्या पुढचं... त्याच्या हाताला आजवर एक कूस लागलं नव्हतं. त्याच्याबरोबर शिकणारा धाकू मात्र सदा कोपरापर्यंत लालबुंद.

“अंदाजानं हात घालतोस, मग दुसरं काय होणार?” हेरंब त्याला म्हणे. धाकू हसे आणि खाज शमवायला हाताला शेण चोळत बसे.

आज हेरंबाला निरोप हवा होता. खाडीकाठच्या त्याच्या गावात वैद्य नव्हता. वडिलांनी औषधांसाठी पडवी रिकामी करून ठेवली होती. बुवा म्हणाले होते, हा पट सोडव आणि जा.

आणि पट इथं येऊन अडला होता. ज्या घरांनी निवाडा केला असता, ती घरं नेमकी फुलांखाली होती; तिथं खडे नव्हतेच, शेंगा होत्या.

“बुवा, पट मांडताना चूक झालीय.”

“नाही. असाच मांडायचा होता.”

“याला उत्तर नाही.”

“आहे. द्रोणाखाली आहे.”

“तर्कानं कळत नाही, असं म्हणतोय मी.”

बुवांनी एक हिरडा फोडला. बी बाजूला टाकली.

“धनगरवाड्यावरची ती बाई आणली होती, तेव्हाही हेच म्हणाला होतास.”

हेरंबाला तो दिवस आठवला.

शिमग्याच्या सुमारास ती बाई आणली होती. रानातला कंद शिजवून खाल्लेला, शुद्ध हरपलेली. कंद दोन जातींचा असू शकत होता, उतारे दोन, आणि चुकीचा उतारा दिला तर खेळ खलास. हेरंबानं नाडी पाहिली, डोळे पाहिले, नखं पाहिली. मग तो मागं सरला आणि म्हणाला, सांगता येत नाही. धाकूनं तिच्या मडक्यातलं उरलेलं खरवडून स्वतःच्या जिभेवर ठेवलं. त्याचे ओठ बधिर झाले, तेव्हा कुठं कळलं कंद कोणता. बाई वाचली. धाकूला पुढं कितीतरी दिवस पेजेचा घोट गिळवत नव्हता.

“मी बरोबरच म्हणालो होतो,” हेरंब म्हणाला. “सांगता येत नव्हतंच.”

“बरोबर म्हणाला होतास.”

“आणि धाकूनं केला तो वेडेपणा. विष जास्त भिनलं असतं, तर दोघंही गेली असती.”

“गेली असती.”

बुवा वाद घालत नव्हते, आणि हेरंबाला तेच सोसत नव्हतं.

“खात्री नाही तिथं हात घालू नये, हे तुम्हीच शिकवलंत.”

“शिकवलं.”

“मग हे दोन द्रोण असेच राहू देत. मला निरोप द्या.”

बुवा उठले. गुडघ्यावर हात टेकत ओटी उतरले आणि हेरंबाशेजारी येऊन बसले.

मग बुवांनी बाही वर सारली आणि डावीकडचा द्रोण उचलला.

उन्हात सोनेरी कुसं उडाली. बघता बघता बुवांचा हात मनगटापासून वर तांबडा होत गेला. त्यांनी दात आवळले. डोळ्यांतून पाणी आलं.

“बुवा!”

हेरंब गोठ्याकडे धावला. ओंजळभर शेण घेऊन आला आणि बुवांच्या हाताला चोळू लागला. कोपरापर्यंत, पुन्हा मनगटापर्यंत. त्याच्या बोटांचीही आग होत होती. ते त्याच्या ध्यानात यायला वेळ लागला. आलं, तरी त्याचा हात थांबला नाही.

“हा पट तुम्हीच मांडलात ना?”

“मीच.”

“शेंग कुठं आहे, तुम्हाला माहीत होतं.”

“होतं.”

“मग हात का घातलात?”

बुवांनी उरलेल्या द्रोणाकडे पाहिलं... मग हेरंबाकडे.

“तुला माहीत नव्हतं. कुणीतरी हात घातल्याशिवाय कळलंही नसतं.”