पिकअपचा पिवळा दिवा

"मग परवानगी देताय ना, उस्ताद?"

हुसेनभाई मुजावर हातातला पाना चिंधीने पुसत राहिले.

साखरप्याच्या त्या गॅरेजात रीतच होती. उस्तादाने आपल्या हाताने पाना दिल्याशिवाय शागिर्दाने वेगळं दुकान थाटायचं नाही. शिवदासने जागा ठरवली होती. पाटीही रंगवून ठेवली होती. अडलं होतं ते एवढ्यावरच.

"यमुनाची पिकअप झाली?"

"झाली. दिवा गेला."

हे खोटं नव्हतं.

यमुना मयेकर मासळी भरून आंबा घाट चढायची आणि मलकापूरचा बाजार उरकून त्याच घाटाने खाली यायची. गाडी पेट्रोलवरची, म्हातारी झालेली. चालवायची तीच. इंजिनाचा पिवळा दिवा विझेना म्हणून तिने गाडी इथे आणली होती.

शिवदासने तपासणीचं यंत्र लावलं. यंत्राने धुराच्या नळीतला सेन्सर दाखवला. त्याने सेन्सर बदलला. दिवा पुन्हा पेटला. दुसरा नवा बसवला. तरी पेटला.

गाडी तर पळत होती. जुन्या गाडीचा दिवा उगाच बोंबलतोय, असं त्याने स्वतःला पटवून दिलं.

बाहेरच्या बाकावर यमुना चहा पीत होती. तिने तिथूनच हाक मारली, "काय मिस्त्री, गेला ना मेला तो? डोळ्यात खुपत होता नुसता!"

"गेला, ताई."

"गुण आहे हो तुझ्या हाताला. नव्या दुकानात पहिलं गिऱ्हाईक मीच, सांगून ठेवते."

उस्ताद उठले. गाडीत बसले. किल्ली अर्धीच फिरवली, इंजिन सुरू केलं नाही.

समोर दिवे उजळले. बॅटरीचा. ऑइलचा. हँडब्रेकचा.

एक जागा काळी राहिली.

इंजिन सुरू होण्याआधी सगळे दिवे एकदा पेटतात. आपण जागे आहोत, एवढं सांगायला. शिवदासला हे उस्तादांनीच शिकवलं होतं.

"दिव्यावर पट्टी चिकटवलीस..."

"सेन्सर खोटं बोलतोय, उस्ताद. दोनदा बदलला. तिन्ही सेन्सर एकच रडगाणं गातात."

"तिघं एकच सांगतात. आणि खोटे ते?"

शिवदासची मान खाली गेली नाही. अजून नाही.

उस्तादांनी इंजिन चालू करून बोनेट उघडलं. सकाळी हत्यारांपुढे लावलेली उदबत्ती उचलून आणली. हाताचा आडोसा धरून ती एकेका रबरी नळीजवळून फिरवू लागले. धूर सरळ वर जात होता.

एका जाड नळीच्या वळणावर तो वाकला. नळीच्या चिरेत ओढला जाऊ लागला.

चिरेतून इंजिनात फाजील हवा शिरत होती. सेन्सर बिचारे तेवढंच सांगत होते.

"ही नळी कुठं जाते?"

शिवदासने नळीवरून बोट पुढे नेलं.

"ब्रेकला..."

याच नळीतल्या ओढीवर ब्रेकचं पेडल हलकं दबतं. ती फाटली, की पायाखाली पेडलचा दगड होतो.

"आज यमुना कुठं निघाली होती?"

आता मात्र शिवदासची मान खाली गेली.

त्याने नवी नळी बसवली. दिव्यांची तबकडी खोलून पट्टी काढली. यंत्रातला जुना दोष पुसला. किल्ली फिरवताच पिवळा दिवा पेटला. इंजिन लागलं, तसा विझला. गाडी लांबवर चालवून, पुन्हा पुन्हा ब्रेक दाबून तो परत आला. दिवा विझलेलाच होता.

बाकावरून यमुना हसत म्हणाली, "एवढा वेळ काय लावलास रे? माझी मासळी तुझ्या नावानं रडतेय!"

शिवदासला तिच्याकडे बघवेना. तो उस्तादांपुढे येऊन उभा राहिला.

"चुकलो, उस्ताद... आता देताय परवानगी?"

हुसेनभाईंनी बाकाकडे बघत बोनेट खाली दाबलं.

"मला काय विचारतोस? घाट ती उतरते."