खिळ्यावरचं नाव

"पण उस्ताद, माझं चुकलं कुठं ते तरी सांगा?"

दस्तगीर मिस्त्री गाडीखाली सरकले.

गाडी छप्पन्न सालची मॉरिस. तिचा धुराचा सगळा पाइप, इंजिनापासून मागच्या सायलेन्सरसकट, जयसिंगने स्टीलमध्ये नवा घडवला होता. जयसिंग मिस्त्रींच्या मिरजेच्या गॅरेजात सात वर्षं शिकला आणि पुण्याला गेला. तिथं नाव झालं, मग मानही जरा ताठ झाली. आज ही गाडी घेऊन तो मिरजेला परत आला होता.

मिस्त्रींनी डोळे मिटून पाइपावरून बोट फिरवलं.

"जोड हाताला लागत नाही. मला असं कधी जमलं नाही."

जयसिंग सुखावला. सात वर्षांत हे त्याने एकदाही ऐकलं नव्हतं.

"चालू कर."

इंजिन सुरू झालं. आवाज कसा भरदार, गोल. मिस्त्री ऐकत राहिले...

"छान आहे. कुणाच्या गाडीचा?"

जयसिंगचा चेहरा उतरला. "बाईही हेच म्हणाल्या."

बाई म्हणजे गाडीच्या मालकीण, इंदुमतीबाई. ऐंशी उलटलेल्या, दृष्टी गेलेल्या. यजमान डॉक्टर होते. संध्याकाळी गाडी कोपऱ्यावर वळली की बाई आवाज ओळखायच्या आणि चहा ठेवायच्या. डॉक्टर गेले, तरी ड्रायव्हर रोज त्या वेळी गाडी फिरवून आणायचा. मग पाइप कुजला. जयसिंगने नवा बसवून गाडी दारात नेली, तेव्हा बाई ओट्यावर होत्या. "ही कुणाची गाडी आणलीस?" एवढं विचारून त्या आत गेल्या.

"जुना सायलेन्सर कुठाय?" मिस्त्रींनी विचारलं.

"भंगारात दिला. त्याच दिवशी."

मिस्त्रींनी भिंतीकडं पाहिलं. खिळ्यांना गंजके सायलेन्सर टांगलेले, शेजारी खडूने मालकांची नावं. नव्यावर मालक खूश आहे असं कळल्याशिवाय इथं जुना उतरत नसे. आवाज बिनसलाच, तर जुना कापून आतलं माप घ्यायचं. शिकताना जयसिंग या भिंतीला भंगाराचं प्रदर्शन म्हणायचा.

"काढायच्या आधी त्याचा आवाज नीट ऐकलावतास?"

"...नाही. फुटका आवाज, त्यात काय ऐकायचं, असं वाटलं."

"हं."

"तुम्ही करा उस्ताद. तुमच्या हातून येईल तो जुना आवाज."

"मी कुठं ऐकलीय ती गाडी?"

मिस्त्री त्याच्याकडं वळले.

"तो आवाज तोंडाने काढून दाखव."

जयसिंगने तोंड उघडलं, मिटलं. डोळ्यांत पाणी आलं. "नाही येत. बाईंचं तेवढंच राहिलं होतं, उस्ताद... तेही मी विकलं."

"आता कुणाला येतो?"

"फक्त त्यांनाच."

मिस्त्रींनी त्याच्या हातातली हत्यारांची पिशवी काढून घेतली. एका रिकाम्या खिळ्याला अडकवली. शेजारी खडूने लिहिलं, जयसिंग.

"उस्ताद, मग मी काम कशाने करू?"

मिस्त्रींनी खडू खिशात टाकला.

"बाईंच्या ओट्यावर जाऊन बस, त्यांच्याकडून तो आवाज शीक. तू तोंडाने काढलेला आवाज ऐकून त्या चहा ठेवतील, त्या दिवशी पिशवी न्यायला ये."