खसाच्या अत्तराआडची हाक

एका राज्यात असा रिवाज होता, की लग्नात नवऱ्याने दिलेले अत्तर बायकोने रोज लावावे आणि तो गेला तरच उतरवावे. तिथे सगळ्यालाच सुगंध लागे. गुलाबपाणी शिंपडल्यावाचून निवाडासुद्धा होत नसे. निवाडा कसाही लागो, दरबार मात्र घमघमत असे.

तिथल्या राजाचे नाव नीलध्वज, राणीचे हेमकळा. राजा मनाचा चांगला, पण नाकाचा फार नाजूक. एकदा विरोचन नावाचा रानातला मांत्रिक गाऱ्हाणे घेऊन आला. त्याच्या अंगाला हिंग, लसूण आणि कुजक्या मुळ्यांचा वास येत होता. राजाने शेल्याने नाक दाबले आणि न ऐकताच त्याला बाहेर घालवले. मांत्रिक उंबऱ्यावर थांबला.

"ज्या वासापायी तू माझे ऐकले नाहीस, त्याच वासाने आता बोल," तो म्हणाला. "तोंड न फिरवता कोणी तुझे ऐकून घेतले, तर सुटशील. थंडी पडेतो सुटला नाहीस, तर माणूस होतास हेही विसरशील."

सिंहासनावर राजा नव्हता. नखाएवढा, ढालीसारख्या पाठीचा एक हिरवा ढेकण्या किडा होता. तो उडाला आणि शहराबाहेरच्या वालाच्या शेतात दिसेनासा झाला. तिथे वेलावेलावर तसलेच किडे बसलेले.

प्रधानाने अक्कल चालवली. सगळे किडे चांदीच्या घंगाळात भरून महालात आणवले, म्हणजे त्यांतून महाराज निवडता येतील. घंगाळ हलले मात्र, किडे घाबरले आणि त्यांनी असा दर्प सोडला की पहारेकरी भाले टाकून पळाले. प्रधानजी तर अंग घासून घासून सोलवटले. किडे खिडकीतून परत शेतात गेले.

मग राणी स्वतः निघाली. नवऱ्याने दिलेले खसाचे अत्तर अंमळ जास्तच लावून ती रोज वेलांतून फिरे आणि पानापानाला विचारी, "महाराज, आहात का?" त्याचे हसणे आठवे, तिच्या ताटातले लोणचे उचलायची त्याची खोड आठवे, आणि ती बांधावर बसून रडे. एखादा किडा धरला की तो दर्प सोडी, ती दचकून तोंड फिरवी आणि तो हातून सुटे. शेंगा जून होऊ लागल्या. सकाळी धुके पडू लागले.

बांधावरच्या बाभळीवर वेडा राघू नावाचा एक किडेखाऊ पक्षी बसत असे. तो एके दिवशी बोलू लागला.

"राणीसाहेब, मी सगळे किडे खातो, हा तेवढा थुंकतो. म्हणून याची बोली मला कळते. दाट वास म्हणजे 'पळा'. तोच वास पातळ सोडला, की 'जवळ या'. तीन गोष्टी करा. पातळ वास ओळखायला शिका. तो ज्याचा असेल त्याला हातावर घ्या. पण आधी अंगावरचे अत्तर उतरवा."

"ते होणार नाही," राणी म्हणाली. "उतरवले, म्हणजे महाराज गेले असे होईल."

"मग अत्तर लावूनच शोधत बसा," राघू म्हणाला आणि उडून गेला.

राणीने पुष्कळ दिवस ऐकले नाही. शेवटी हातपाय गारठवणारी सकाळ उजाडली, तेव्हा ती ओढ्यात उतरली आणि राखेने अंग घासू लागली. काठावर दासींनी गळे काढले; त्यांच्या लेखी राजा त्या घडीला मेला. राणीलाही वाटले, आपण आपल्या हातांनी त्याला पोचवून आलो.

ओल्या केसांनी ती शेतात उभी राहिली. आधी मातीचा वास आला, मग पानांचा, मग कोवळी कोथिंबीर चुरगाळावी तसा एक पुसटसा. त्या वासाभोवती किड्यांची पिल्ले गोळा होऊन बसलेली होती. असाच वास बांधाकडूनही येत होता, ती रोज जिथे बसून रडे तिथून. पण तिथे कोणी जमले नव्हते. पानावर एकच किडा होता. सबंध हंगाम तो हाक मारत होता, ती त्याच्या जातीतल्या कोणाला कळत नव्हती, आणि जिच्यासाठी होती ती शेजारी खसात बुडून बसलेली.

तिने त्याला तळहातावर घेतले. इतक्यात वरून राघूची सावली गेली. किडा घाबरला आणि होता नव्हता तेवढा दर्प त्याने सोडला. राणीचे डोळे चुरचुरले, तळहात भाजल्यासारखा झाला, मान आपोआप वळू लागली. तिने हात तोंडाजवळ आणला.

"हवे तितके घाबरा," ती म्हणाली. "मी ऐकते आहे."

दर्प हळूहळू विरत गेला. त्यात नुसते 'ये' एवढेच उरले, आणि मग तिच्या हातात एका माणसाचा हात होता.

राजाने मांत्रिकाला बोलावून त्याचे गाऱ्हाणे शेवटपर्यंत ऐकले. अत्तरासाठी लोक ओढ्याकाठचा खस मुळासकट उपटत होते आणि काठ ढासळत होता. त्या दिवसापासून ते बंद झाले, आणि अत्तर न लावणाऱ्या बाईला कोणी काही विचारीनासे झाले.

संध्याकाळी राणीने विचारले, "बांधावर तुम्ही कधीपासून होतात?"

"तू पहिल्यांदा आलीस तेव्हापासून," राजा म्हणाला. "पदरावर बसायचो तुझ्या."

राणी खूप वेळ रडली आणि राजा तिला बिलगून बसून राहिला. त्यांची जशी गाठ पडली, तशी ज्याला ज्याची ओढ असेल त्याला त्याची पडो.