खाडीच्या तोंडाशी वीस हात

"आबा, अजून किती?"

आबांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

"ओ आबा, किती राहिलं, सांगा की."

"सकाळी होतं त्यापेक्षा कमी."

पाण्यातली पोर चिडली. तोंडात गेलेलं खारं पाणी थुंकली आणि पुन्हा हात मारायला लागली.

मी होडीत बसलो होतो, जलतरण संघटनेचा निरीक्षक म्हणून. एरवी मी शाळेत गणित शिकवतो. मला स्वतःला पोहता येत नाही आणि होडी जरा डुचमळली की माझ्या पोटात कालवायला लागतं. पण नियमांचं पुस्तक तोंडपाठ असलेला माणूस संघटनेत दुसरा नाही, म्हणून दर वर्षी हे काम माझ्याच गळ्यात पडतं.

पोरीचं नाव गिरिजा चौगुले. वय एकोणीस. कोल्हापूरची, तिकडच्या मुलींसारखी "मी येतो, मी जातो" असं बोलणारी. तलावातल्या शर्यतींची आठ सुवर्णपदकं तिच्या नावावर. काळबेटापासून देवखाडीच्या किनाऱ्यापर्यंत अठरा किलोमीटर समुद्र तिला एकटीने पोहून यायचं होतं, कुठेही आधार न घेता. नियम साफ आहे. होडीला नुसता हात लागला तरी पोहणं बाद.

गेली दोन वर्षं ती बाद झाली होती. दोन्ही वेळा खाडीच्या तोंडाशी आणि दोन्ही वेळा स्वतः होऊन होडी धरून. निरीक्षक मीच होतो. 'बाद' हा शब्द दोन्ही वेळा मीच लिहिला आणि नंतर दोन दिवस मला धड जेवण गेलं नाही.

तिसऱ्या खेपेला तिने बाबल तांडेलांना गाठलं. सत्तरी ओलांडलेला मच्छीमार. सगळे त्यांना आबा म्हणतात. गळ्यात शिट्टी नाही, मनगटावर घड्याळ नाही. मला शिष्य करून घ्या म्हणून भलेभले पोहणारे त्यांच्या ओट्यावर तासन्‌तास बसून राहतात आणि आबा आपले जाळं सांधत असतात.

ही मात्र पहिल्याच दिवशी त्यांना म्हणाली होती, "आबा, मला पोहायला शिकवू नका. तेवढं येतंय मला. तुम्ही नुसती होडी चालवा."

"बरं," आबा म्हणाले होते.

आणि दोन महिने त्यांनी खरंच नुसती होडी चालवली. मला ते फार लागलं. एवढा जाणता माणूस आणि ही एवढीशी कार्टी त्याला ड्रायव्हर करते म्हणजे काय? आबांना मात्र त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही.

आदल्या संध्याकाळी ती माझ्यासमोर त्यांना म्हणाली, "उद्या होडीला हात लागला तर पोहणं सोडणार मी. कायमचं. चष्मा आणि टोपी इथंच समुद्रात टाकणार आणि घरी जाणार."

तिचे डोळे भरले होते. गंमत नव्हती ती.

"टोपी टाकू नको," आबा म्हणाले. "मला होईल उन्हात."

सकाळी सहाला काळबेट सोडलं. पहिले चार तास काय पोहली ती! मी वहीत आकडे लिहीत होतो आणि माझा मलाच विश्वास बसत नव्हता. तासाला तीन किलोमीटरच्या वर. दोरीला बांधलेली ग्लुकोजची बाटली आबा पाण्यात सोडायचे, ती दोन घोट घ्यायची की पुन्हा चालू. या वर्षी नक्की, असं मी मनात धरूनच चाललो होतो.

पावणेअकराला खाडीचं तोंड आलं.

ओहोटीची वेळ. खाडीतलं सगळं पाणी समुद्राकडे निघालेलं, म्हणजे नेमकं तिच्या अंगावर. कुणीतरी तिथे जाळं लावलं होतं. त्याच्या खुणेचा लाल बोया पाण्यावर नाचत होता. त्याला खाली नांगर होता, त्यामुळे तो जागचा हलणार नव्हता. गिरिजा त्या बोयापाशी आली आणि मग बोयापाशीच राहिली.

पाच मिनिटं झाली. दहा झाली. हात तर जोरात चालले होते.

आबांनी इंजिन अगदी हळू ठेवलं होतं, होडी तिच्या बरोबरीला राहील एवढंच. होडी डावीकडे, बोया उजवीकडे आणि मधे ती. मी वहीत दर पाच मिनिटांनी तेच लिहीत होतो. बोया उजवीकडे. बोया उजवीकडे.

"आबा."

"बोल."

"हा बोया मघापासून इथंच आहे."

"आहे."

"म्हणजे मी जागचा हललोच नाही?"

आता आबा खोटं बोलणार, असं मला वाटलं. सगळेच बोलतात. आलंच बघ, दोनशे मीटर राहिलंय, तो काय किनारा. मीसुद्धा तेच बोललो असतो आणि मला त्याची लाजही वाटली नसती.

"नाय," आबा म्हणाले. "इंचभर नाय."

मी त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिलो.

"किती वेळ?"

"वीस मिनिटं झाली असतील. मास्तरांनी लिहिलंय."

मी मान खाली घातली. लिहिलं होतं खरंच.

तिने तोंड पाण्यात घातलं. चार हात मारले. बोया तिथेच. आणखी चार मारले...

"मग मारून उपयोग काय?" ती म्हणाली. आवाज फुटला होता तिचा.

इंजिन टकटकत होतं.

मला राहवेना. मी आबांच्या कानाशी वाकलो. "आबा, अर्ध्यापाऊण तासात ओहोटी संपेल. सांगा की तिला तेवढं. धीर येईल बिचारीला."

"सांगितलं तर ती अर्धा तास मोजत बसेल."

"मग काय झालं?"

"मोजताना हात ढिला पडतो, मास्तर."

तेवढ्यात ती होडीच्या अगदी जवळ आली. तिचा डावा हात पाण्याबाहेर आला आणि होडीच्या कडेपासून वीतभर अंतरावर थांबला. बोटं सुरकुतून पांढरीफटक झाली होती. मागच्या दोन्ही वेळा तिने याच जागी होडी धरली होती.

"धरू?" तिने विचारलं.

"धर," आबा म्हणाले.

"अहो आबा, काय बोलताय काय?" मी जवळजवळ ओरडलोच.

"धर गो. मास्तर वहीत लिहितील, आपण घरी जाऊ. बांगड्याचं तिखलं केलंय आज. गरम आहे तोवर पोचू."

"चेष्टा करताय माझी?"

"चेष्टा कसली? भूक लागलीय मला."

तिचा हात तसाच, वीतभर लांब. ती रडत होती. पाणीच पाणी सगळीकडे, पण रडणं आवाजावरून कळतं.

"एकच कर," आबा म्हणाले. "वीस हात मार. मोजून. मान वर काढू नको, होडीकडे बघू नको. वीस झाले की धर. होडी कुठे पळून जातेय?"

"वीसच?"

"वीसच."

तिने हात मागे घेतला. तोंड पाण्यात घातलं. उजवीकडून श्वास घेत, होडीकडे पाठ करून, ती हात मारायला लागली.

आबांनी इंजिन बंद केलं.

सकाळपासून कानाशी चाललेला आवाज थांबला आणि मी दचकलो. "काय झालं? बिघडलं काय?"

आबांनी तोंडावर बोट ठेवलं.

मी मनात मोजत होतो. तीन. चार. पाच... होडीचं पुढचं टोक तिच्या खांद्याशी होतं, ते कमरेशी आलं. मग पायांशी. मग आमच्यात नि तिच्यात नुसतं पाणी. आठ. नऊ. ओहोटीने होडी उचलली होती आणि समुद्राकडे चालवली होती.

"आबा, होडी मागे चाललीय."

आबांची नजर तिच्यावरच.

"आबा, तीस मीटरचा नियम आहे. त्याच्यापुढे होडी लांब गेली तर मलाच बाद लिहावं लागेल."

"लिहा."

"अहो, हात जोडतो तुम्हाला. चालू करा इंजिन."

मला त्या माणसाचा असा राग आला होता म्हणून सांगू! दोन महिन्यांचा अपमान हा आत्ता, असा काढतोय, असंही क्षणभर मनात आलं. मग माझं लक्ष त्यांच्या गुडघ्यांकडे गेलं. दोन्ही हातांनी त्यांनी स्वतःचे गुडघे आवळून धरले होते. मी पुन्हा मोजायला लागलो.

बारा. तेरा. अंतर दहा मीटर... पंधरा...

अठरा. एकोणीस. वीस.

गिरिजाने डावा हात बाजूला टाकला, होडी धरायला.

हात पाण्यावर आपटला.

तिने पुन्हा टाकला. पुन्हा पाणी. मग तिने मान वर काढली. डावीकडे बघितलं, होडी नाही. गर्रकन वळून मागे बघितलं. आम्ही वीस मीटर मागे होतो आणि अजून मागे जात होतो.

"आबा..."

घाबरली होती. आबांनी ओ दिली नाही. नुसते बघत राहिले तिच्याकडे.

तिने उजवीकडे बघितलं. बोया होता. होता तिथेच, तिच्या शेजारी.

ती एकदा बोयाकडे बघे, एकदा आमच्याकडे. आणि बघण्याच्या नादात तिचे हात थांबले. थांबले तसा बोया तिच्यापुढे सरकला. एक हात. दोन हात. चार हात. तिने तेही बघितलं. मी इतक्या लांबून तिचा चेहरा बघत होतो आणि त्या चेहऱ्यावर काय होतं ते मला वहीत लिहिता आलं नसतं.

तिने चष्मा दाबून बसवला आणि तोंड पाण्यात घातलं.

आता ज्या हातांनी ती सुटली ते काही वेगळेच होते. दहाएक हातांत ती परत बोयाच्या बरोबरीला आली. आबांनी दोरी ओढली, इंजिन चालू झालं, आम्ही पुन्हा तिच्या डावीकडे. जास्तीत जास्त अंतर पडलं ते अठ्ठावीस मीटर. मी कपाळावरचा घाम पुसला आणि आकडा लिहिला.

त्यानंतर तिने एकदाही विचारलं नाही, किती राहिलं म्हणून.

बोया उजवीकडे. मी लिहीत होतो. सव्वाअकरा, बोया उजवीकडे. अकरा वीस, बोया उजवीकडे. तिने एकदा ग्लुकोज घेतलं, बाटली सोडली, पुन्हा हात. साडेअकरा, उजवीकडे. माझा जीव अगदी टांगणीला लागला होता. आणि अकरा बेचाळीसला मी वहीतून मान वर केली तर बोया तिच्या गुडघ्यांशी होता. मग पावलांशी. मग पाण्यावर नुसता लाल ठिपका दिसत होता, आमच्या मागे.

मी होडीत उभा राहिलो. मी, ज्याला पोहता येत नाही. उभा राहून, हात वर करून ओरडलो, "मागे पडला! बोया मागे पडला!"

होडी कलली.

"खाली बसा मास्तर," आबा म्हणाले. "तुम्हाला बाहेर काढायला माझ्याकडे माणूस नाय."

भरती लागली. पाणी आता तिच्या पाठीशी होतं. शेवटचे तीन किलोमीटर तिने पाऊण तासात काढले. किनाऱ्यावर माणसं जमली होती, कोण ताशा घेऊन आलं होतं, तिची आई पदर तोंडात धरून उभी होती. गिरिजा कमरेएवढ्या पाण्यात उभी राहिली, पडली, उठली, पुन्हा पडली. कुणी पुढे होईल म्हणून मी होडीतूनच दोन्ही हात पसरून सगळ्यांना अडवलं. दोन्ही पावलं कोरड्या वाळूवर पाहिजेत, नियम आहे. ती चौथ्या खेपेला उठली आणि चालत गेली.

सहा तास एकतीस मिनिटं. वहीत लिहिलं, तर अक्षर पहिलीतल्या पोराचं आलं.

लोक तिला उचलायला धावले. तिने सगळ्यांना बाजूला सारलं, आईलाही म्हणाली, "आलो गं, थांब," आणि लटपटत पुन्हा पाण्यात आली, आमच्याकडे. आबा होडीत दोर गुंडाळत बसले होते. तिने होडीची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली. धाप लागली होती. ओठ सुजले होते.

"आबा."

"बोल."

"दोन महिने तुम्हाला काही विचारलं नाही. आता एकच विचारतो."

"विचार की."

"ऐन वेळी मला एकटीला टाकून मागं का गेलासा?"

आबांचे हात दोरावर थांबले. त्यांनी तिच्याकडे बघितलं, मग लांब खाडीच्या तोंडाकडे...

"मागे कुठे गेलो गो मी?" ते म्हणाले. "मी नुसता थांबलो होतो."